ठमी दोन बोटं कमी भरली

साहेब, तुमच्या आरोग्य खात्याने एका अडीच वर्षांच्या मुलीची उंची चोरली. 'चोरली' हा शब्द जड वाटला तरी तो तसाच राहील. दुकानदार किलोमागे पन्नास ग्रॅम कमी देतो, तेव्हा 'वजनात किंचित तफावत आढळली' असं कोणी म्हणत नाही. सरळ चोर म्हणतात. तुम्ही एका चालत्याबोलत्या मुलीला दोन बोटं कमी मोजलंत आणि वर तिच्या आईलाच विचारलंत, "बाई, तुम्ही हिला खायला घालता की नाही?" पाकीट मारायचं आणि ज्याचं मारलं त्यालाच 'खिसे कसले शिवतोस' म्हणून झापायचं, त्यातला हा प्रकार. घडलं ते सगळं खाली आहे. चहा बाजूला ठेवून वाचा.

ठमीचे वडील वजनमापे खात्यात निरीक्षक. सगळी इमारत त्यांना 'काटेकोर' म्हणते आणि आता तेही त्या नावाला ओ देतात. पितळी वजनं, पोलादी टेप, सील ठोकायला शिशाचे गोळे, तार आणि पकड अशी पिशवी खांद्याला लावून हा माणूस बाजारात शिरला की निम्मे दुकानदार अचानक जेवायला जातात. आयुष्यात त्यांनी एकाही तराजूवर विश्वास ठेवला नाही. दुधाच्या पिशवीवर नाही, कापडाच्या गजावर नाही, पेट्रोलच्या पंपावर तर नाहीच नाही. मात्र एक गोष्ट त्यांच्या लेखी देवाच्या जागी होती. सरकारी शिक्का. शिक्का असला की माप खरं, आणि शिक्क्याबद्दल शंका घेणारा माणूस खोटा. या एवढ्या एका श्रद्धेपायी पुढचं रामायण घडलं.

मुलांच्या नेहमीच्या तपासणीला ते तिघं आरोग्य केंद्रात गेले. वजन, उंची, डोक्याचा घेर, मूल बोलतं काय, चालतं कसं, हे पाहायची ती तपासणी. केंद्राला नुकताच रंग दिला होता. वासाने डोकं भणभणत होतं. भिंतीचा वरचा भाग पिवळा, खाली जमिनीलगत तपकिरी पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या वर कागदी जिराफ चिकटवलेला. जिराफाच्या पायापासून मानेपर्यंत आकडे, आणि पोटावर तुमच्या खात्याचा गोल शिक्का. काटेकोरांनी शिक्का पाहिला आणि मनातल्या मनात हात जोडले.

"टाचा भिंतीला. मान सरळ. हं, झालं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी जिराफाचा आकडा वाचला, कार्डावरचा मागचा आकडा पाहिला, आणि बस पाच मिनिटं उशिरा येणार आहे हे सांगावं तितक्या शांतपणे म्हणाल्या, "दोन बोटं कमी झालीय."

"काय कमी झालंय?" ठमीच्या आईने विचारलं.

"उंची. मागच्या वेळेपेक्षा."

"अहो, असं कसं? मुलं कमी कशी होतील?"

"ते आम्ही कसं सांगणार बाई? आम्ही फक्त मोजतो."

इथे काटेकोर पुढे सरसावले. बायकोला वाटलं, आता हे भांडणार. ते म्हणाले, "सिस्टर, माफ करा, पण बोट हे माप कायद्याने केव्हाच बंद झालंय. सेंटिमीटरमध्ये सांगा."

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की तिच्या दुकानात चष्मा न घालता बिल वाचणाऱ्या गिऱ्हाइकाकडेही ती तसं पाहत नसेल. ती चष्म्यांच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकावर काच नीट बसवते. घरच्या माणसाच्या नाकासमोरचं मात्र त्याला दाखवता येत नाही, हे तिचं जुनं दुःख.

मग ठमीची परीक्षा सुरू झाली. सिस्टरांनी टेबलावर लाकडी ठोकळे ओतले. "याचा उंच मनोरा कर बघू, बाळा."

ठमीने दोन ठोकळे उचलले. एक या तळहातावर, एक त्या. दोन्ही हात फाकवले, डोळे मिटले, जरा वर-खाली हलली, आणि डाव्या हातातला ठोकळा सिस्टरांना परत देत म्हणाली, "हा कमी आहे."

त्यात तिची काय चूक? घरी ती वडिलांच्या बाद झालेल्या वजनांशी खेळते. एकावर एक रचायची वस्तू असते हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. काटेकोरांनी तो ठोकळा घेतला, तळहातावर तोलला आणि त्यांचा ऊर भरून आला. "खरंच कमी आहे हो. कोपरा झिजलाय."

"मनोरा, नाही," सिस्टरांनी लिहिलं.

चित्रं आली. पहिलं तराजूचं. "हे काय आहे?"

"खोटं," ठमी म्हणाली.

"आणि हे कोण?" चित्रात भाजीवाला हसत उभा होता.

"चोर."

वडील रोज संध्याकाळी जेवताना जे बोलतात तेच मूल बोलणार. पण सिस्टरांनी कार्डावर लिहिलं, 'चित्रओळख नाही. स्वभाव संशयी.' मग पेन थांबवून आईकडे वळल्या. "बाई, तुम्ही हिला खायला घालता की नाही? नोकरी करता?"

"हो. चष्म्याच्या दुकानात."

"मग बरोबर," सिस्टर म्हणाल्या, आणि तळाला ठळक अक्षरात शेरा मारला: 'आईचे दुर्लक्ष.' शिवाय दर शनिवारी अकरा वाजता मातांच्या मार्गदर्शन वर्गाला हजर राहायचं, आणि पुढच्या महिन्यात उंचीत सुधारणा दिसली नाही तर प्रकरण वर जाणार, असं तोंडी बजावलं. बापाला कोणी विचारलं नाही की तुम्ही नोकरी करता का. बाप नोकरीला गेल्याने मूल आखूड होत नाही, आई गेली की होतं, हे शास्त्र तुमच्या खात्याने कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध केलं?

घरी येताना रिक्षात ठमीची आई म्हणाली, "अहो, तिचे सहा महिन्यांपूर्वीचे फ्रॉक तिला गुडघ्याच्या वर येतात. ती कमी कशी होईल?"

"कापड धुऊन आटतं," काटेकोर म्हणाले.

"आणि मुलगी?"

"शिक्का होता ना त्याच्यावर."

संभाषण तिथेच संपलं.

आता इमारतीत बातमी कशी पसरते हे सांगायला नको. जिना चढून होईपर्यंत ती वरच्या मजल्यावर पोचली होती. पहिले निवृत्त हेडमास्तर आले. मुलीला दाराच्या चौकटीला लोंबकळवा, असा सल्ला त्यांनी दिला. "मी स्वतः लोंबकळत असे," म्हणाले. हेडमास्तरांची एकूण उंची पाहता हा पुरावा त्यांच्या विरोधात जात होता, पण ते बोलून दाखवण्याइतका वेळ कोणाला मिळाला नाही, कारण मागोमाग खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या.

"मध्ये हिचे केस कापलेत ना?"

"कापले."

"मग? तेवढीच कमी झाली असेल. चांगला डोक्यावर टोप होता पोरीचा."

दोन बोटं केस गेले म्हणजे दोन बोटं उंची गेली, हा हिशेब काकूंनी इतक्या ठामपणे मांडला की काटेकोर क्षणभर विचारात पडले. शेजारचा व्यायामशाळेत जाणारा तरुण पावडरचा डबा घेऊन आला. डब्यावर एका दंडवाल्या माणसाचं चित्र होतं. ठमीने ते पाहून "चोर" म्हटलं, आणि या एका बाबतीत तिचा अंदाज फारसा चुकला नसावा.

सासूबाईंचा फोन आला. "आमच्या घराण्यात कोणी आखूड नाही हो. तुझे सासरे दारातून वाकून यायचे."

"दार लहान होतं, आई," सून म्हणाली. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला, आणि संध्याकाळी मुलाला वेगळा फोन गेला. त्यात काय बोलणं झालं ते कळलं नाही. काटेकोर नुसते "हो आई, हो आई" करत गॅलरीत फेऱ्या घालत होते.

या सगळ्यावर कळस चढवला खुद्द ठमीने. तिची ती तोलायची सवय. काकूंनी कौतुकाने तिच्या दोन्ही हातांवर दोन बिस्किटं ठेवली. ठमीने डोळे मिटले, तोलली, आणि जाहीर केलं, "हे कमी आहे."

काकू जागच्या जागी विरघळल्या. "अगंबाई! लेकरू स्वतःच्या तोंडाने सांगतंय, कमी पडतं म्हणून!"

झालं. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या प्रत्येक घरात एकच वाक्य. मूल स्वतः सांगतंय. जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई ठमीच्या हातात काहीतरी कोंबू लागली आणि आईकडे न पाहता पुढे जाऊ लागली. केळी आली, अंडी आली. ठमीने सगळं तोललं, बरंचसं कमी ठरवलं आणि थोडं खाल्लं. तिचं वजन वाढू लागलं. आईचं उतरू लागलं.

शनिवारचा वर्ग केंद्रातल्याच एका खोलीत. बसायला बालवाडीच्या लाल-निळ्या खुर्च्या, मुलांच्या मापाच्या. त्यावर मोठ्या बायका गुडघे हनुवटीला लावून बसलेल्या, आणि समोर मार्गदर्शक मॅडम मात्र पूर्ण उंचीच्या खुर्चीत. "मूल म्हणजे रोपटं," मॅडम म्हणाल्या. "रोपट्याला पाणी कोण घालतं?" सगळ्यांनी "आई" म्हटल्याशिवाय त्या पुढे जात नसत. ठमीच्या आईला दुकानातून शनिवारी सुटी मिळवायची म्हणजे मालकाचं तोंड बघावं लागे. शनिवारीच गिऱ्हाईक जास्त. दुसऱ्या शनिवारी मॅडमनी तिला उभं केलं. "तुमचं काय? नोकरीच ना? चष्मे महत्त्वाचे की मूल?" बाकीच्या बायका खाली बघू लागल्या. कुठल्याही माणसाला शिक्षा म्हणून उभं करायला शाळेनंतर कोणाला परवानगी असते, साहेब?

इकडे काटेकोर स्वस्थ बसले होते असं नाही. त्यांनी पिशवीतला पोलादी टेप काढला, ठमीला दाराशी उभं केलं आणि मोजलं. आकडा पाहून त्यांना घाम फुटला. मागच्या कार्डापेक्षा ठमी दोन बोटं जास्त! म्हणजे जिराफापेक्षा तब्बल चार बोटं. दुसरा कोणीही असता तर "वाः!" म्हणून मुलीला उचललं असतं. काटेकोरांनी टेपकडे पाहिलं आणि खिन्नपणे म्हणाले, "हा बिघडला."

"टेप कसा बिघडेल?" बायको.

"सरकारी आकड्याशी जुळत नाही म्हणजे बिघडलाच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर अर्ज करून आपलाच टेप आपल्याच खात्याच्या प्रयोगशाळेत तपासणीला जमा केला. तिथले लोक एकमेकांकडे पाहत राहिले. ज्या टेपवर त्यांनी निम्म्या बाजाराला दंड केला होता, तो टेप खोटा आहे असं निरीक्षक स्वतः लिहून देत होते! टेप तपासून आला. केसाचाही फरक नाही. काटेकोर घरी आले ते पाणसळ घेऊन. म्हणजे घरातली फरशी उतरती असणार. फरशी तपासली, पाण्यातला बुडबुडा बरोबर मध्ये येऊन थांबला. मग त्यांनी ठमीच्या टाचा तपासल्या. गुदगुल्या होऊन ती खिदळली. मग ते म्हणाले, मागच्या वेळचाच आकडा जास्त लागला असणार. मग म्हणाले, सकाळी माणूस उंच असतो आणि दुपारी दबतो, असं वाचलंय कुठेतरी.

आणि एका संध्याकाळी, स्वतःच्या आईचा आणखी एक फोन झाल्यावर, पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मी काय म्हणतो, दोन-तीन महिने नोकरी सोडून बघ ना."

ती उठली. ठमीचं तोंड पुसलं, भांडी आवरली, आणि टेबलाशी बसून राजीनाम्याचं पत्र लिहिलं. घडी करून पर्समध्ये ठेवलं. महिनाअखेरीला द्यायचं. ही बाई आठ वर्षं त्या दुकानात होती. दुकानात आलेल्या म्हाताऱ्यांना नवा चष्मा लावून ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावायची, आणि ते वाचू लागले की तिला दिवसभर बरं वाटायचं. ते सगळं एका घडीत गेलं.

काटेकोरांनी पेपर खाली केला. "रागावलीस?"

"नाही हो," ती म्हणाली. "फक्त एक विचारायचंय. माझी तपासणी झाली. टेपची झाली. फरशीची झाली. लेकीच्या टाचा झाल्या, तिचे केस झाले. तुमच्या घराण्याची झाली, माझ्या माहेरची तर फोनवर रोज होते. आता त्या भिंतीची कधी करताय?"

"सरकारी भिंत आहे ती," काटेकोर म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

पुढच्या शनिवारी ते ठमीला घेऊन बायकोला वर्गावरून आणायला गेले. वर्ग लांबला होता म्हणून तेही एका निळ्या खुर्चीत रुतून बसले. खुर्चीने निषेधाचा आवाज केला. समोर बायका आपापलं दुःख सांगत होत्या.

"माझा तर एक बोट कमी झालाय. आता काय करू?"

"माझी आहे तिथेच आहे. सहा महिन्यांत हललीच नाही."

"माझी तीन बोटं कमी. सासऱ्यांनी तर बोलणंच टाकलंय माझ्याशी."

काटेकोरांचे कान टवकारले. बाजारात वीस वर्षं काढलेला माणूस. एका दुकानातलं एकच गिऱ्हाईक तक्रार करतं तेव्हा गिऱ्हाइकाचा दोष असू शकतो. पण त्या दुकानातून निघणारं प्रत्येक गिऱ्हाईक कमी माल घेऊन बाहेर पडत असेल, तर कोणी गिऱ्हाइकांचे वर्ग भरवत नाही. तराजू तपासतात.

"एक मिनिट," ते उठले. खुर्चीही थोडी उठली. "तुम्हा सगळ्यांच्या मुलांची उंची मोजली कधी?"

बायका गोंधळल्या. एकीने सांगितलं, "आत्ताच की. रंगकाम झाल्यानंतर."

"माझ्याही."

"माझ्याही."

काटेकोरांनी पिशवीतून टेप काढला आणि मॅडमचं "अहो, अहो" मागे टाकून मोजणीच्या खोलीत शिरले. मागे सगळ्या बायका. ते गुडघ्यावर बसले. टेपचं टोक जमिनीला लावलं, जिराफाच्या पायापर्यंत नेलं, आणि तसेच बसून राहिले. रंगाऱ्याने खालचा तपकिरी पट्टा मारण्यासाठी जिराफ काढला होता आणि पट्टा खराब नको म्हणून तो पट्ट्याच्या वर नेऊन चिकटवला होता. चार बोटं वर. पोरं जमिनीवर उभी, आणि शून्य भिंतीवर चढून बसलेलं. ठमी वाढली होती दोन बोटं, जिराफ चढला होता चार. वजाबाकी तुम्हालाही येत असेल.

मग ती सासऱ्यांनी बोलणं टाकलेली बाई एकदम हसू लागली आणि हसता हसता खाली बसली. ठमीच्या आईने पर्स उघडली, घडी काढली, उभी फाडली, आडवी फाडली आणि नवऱ्याच्या खिशात ठेवली.

काटेकोरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षांची श्रद्धा एका कागदी जनावराने मोडली होती. आणि मग त्यांनी ते केलं जे फक्त वजनमापे खात्याचा माणूसच करू शकतो. जिराफाच्या मानेला भोक पाडून तार ओवली, बाजूच्या खिळ्याला अडकवली, शिशाचा गोळा पकडीत दाबून सील ठोकलं, आणि पोटावरच्या तुमच्या शिक्क्यावर लाल कागद डकवला: 'माप सदोष. वापरास मनाई.'

बायका टाळ्या वाजवत होत्या. ठमी म्हणाली, "खोटं!" तो काटेकोरांच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण होता. सोमवारी सकाळपर्यंत टिकला.

सोमवारी तपासणीचा दिवस. उंची मोजता येईना. उंची लिहिल्याशिवाय संगणक पुढचं पान उघडेना. पान उघडल्याशिवाय लस देता येईना. दाराबाहेर रडणारी पोरं आणि ओरडणारे आईबाप यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. सिस्टरांनी हात वर केले. "सील आमचं नाही. ज्यांनी लावलं त्यांना विचारा." पत्ता कोणी दिला माहीत नाही, पण दुपारपर्यंत काटेकोरांच्या कचेरीत सात बाप येऊन उभे होते. शनिवारी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकीचा नवरा त्यात सर्वांत पुढे.

वरिष्ठांनी आत बोलावलं. "जिराफ आपल्या कायद्यात येतो का?"

"साहेब, माप सदोष..."

"जिराफ विक्रीसाठी वापरतात का?"

"नाही."

"त्या उंचीने मुलं विकतात?"

"नाही साहेब."

"मग तो आपल्या कायद्यात नाही. तुमच्यावर कारवाई का करू नये ते लेखी द्या. आणि आत्ताच्या आत्ता जाऊन ते जनावर सोडा."

म्हणजे चोराला पकडणाऱ्याला जाब, आणि चोर भिंतीवर उभा. काटेकोर रांगेतून वाट काढत गेले. लोक जे बोलले ते छापता येणार नाही. पकडीने तार कापली. रांगेतला एक पोरगा ओरडला, "जिराफवाले काका!" आणि ते नाव चिकटलं. 'काटेकोर' गेलं ते गेलंच.

मग ते केंद्राच्या प्रमुखांकडे गेले. म्हणाले, सील काढलं, पण जिराफ तरी खाली घ्या. प्रमुखांनी शांतपणे समजावलं. जिराफ आरोग्य खात्याचा, भिंत बांधकाम खात्याची, रंग कंत्राटदाराचा आणि चिकटवलं रंगाऱ्याने. जिराफ हलवला तर रंग उखडेल. उखडला तर जबाबदारी कोणाची? यावर पत्रव्यवहार करावा लागेल.

पत्रव्यवहार झाला नाही. ठमीच्या आईने दुकानातून अर्धा दिवस सुटी घेतली, जिराफ कोमट पाण्याने सोडवला आणि जमिनीला टेकवून परत लावला. रंग थोडा उखडला. आकाश कोसळलं नाही.

पुढच्या तपासणीत ठमीची खरी उंची भरली. सिस्टरांनी ती संगणकात घातली. संगणकाने लाल अक्षरं दाखवली: एका महिन्यात एवढी वाढ? 'वाढ अतिशीघ्र. तज्ज्ञांकडे पाठवा.' म्हणजे आधी आखूड, आता राक्षस! जिराफवाले काका टेबलाची कड धरून उभे राहिले. अखेर प्रमुखांनी कृपा केली आणि मधला आकडा रद्द करून दिला. ठमी पुन्हा माणसात आली.

"आणि हा शेरा?" ठमीच्या आईने कार्डावर बोट ठेवलं. 'आईचे दुर्लक्ष.'

"तो राहणार," प्रमुख म्हणाले. "आकडा दुरुस्त करता येतो. शेऱ्याला दुरुस्ती नाही."

"पण भिंत चुकीची होती ना?"

"होती ना. आम्ही कुठे नाही म्हणतो?"

"मग त्या सगळ्या बायकांसमोर तसं सांगा. मला उभं केलंत ना, त्याच खोलीत. घरी नवरे, सासू-सासरे, शेजारी, सगळ्यांनी ऐकवलंय त्यांना. एकीशी तर घरात अजून कोणी बोलत नाही. एक वाक्य फक्त. चूक आमची होती, आयांची नव्हती."

प्रमुख हसले. वाईट माणूस नव्हे, दमलेला माणूस. "बाई, भिंतीच्या वतीने माफी मागायची तरतूद नाही हो. वरून आदेश आला तर बघू."

वर तुम्ही आहात, साहेब. ठमीच्या आईने तुम्हाला दोनदा लिहिलं. पोच आली, उत्तर नाही. तिच्या नवऱ्याने आपला लेखी जबाब दिला, सील लावल्याबद्दल खात्याने केलेला दंडही भरला, आणि पहिल्यांदा स्वतःच्या आईला फोनवर सांगितलं की चूक भिंतीची होती, सुनेची नव्हती. त्याला ते जमलं. तुम्हाला का जमू नये?

शनिवारी अकरा वाजता वर्ग भरतो. अजून भरतो. खुर्च्या मुलांच्या मापाच्या आहेत, गुडघे हनुवटीला लागतील. बायका येऊन बसलेल्या असतील. तुम्ही येताय की नाही? हो किंवा नाही, एवढंच कळवा.